यंत्राचा पॉज

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात 2016 साली एक औद्योगिक रोबॉट ठेवला होता. कारखान्यात वेल्डिंग करतो तसलाच एक हात, कुका कंपनीचा. सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलाकार जोडीने त्याच्या टोकाला फरशीवरचं पाणी ओढायच्या वायपरसारखं रुंद पातं बसवलं, त्याला पारदर्शक भिंतींच्या आड उभं केलं आणि काम दिलं एकच: भोवती पसरत जाणारा रक्तासारखा लाल द्रव सतत आत ओढत राहायचा. द्रव हद्दीबाहेर गेला की सेन्सर सांगणार, हात वळणार, ओढणार. शिवाय अंग खाजवणं, लवून थरथरणं अशा 32 हालचाली त्याच्यात भरलेल्या होत्या.

याचे व्हिडिओ पुढे समाजमाध्यमांवर फिरले आणि त्यांना एक गोष्टही येऊन चिकटली. तो द्रव म्हणजे यंत्राचं स्वतःचं तेल आहे, ते गळतंय, आणि जगण्यासाठी बिचारा ते गोळा करत दमत चाललाय. लोक हे पाहून रडले. प्रत्यक्षात हा हात विजेवर चालतो. द्रव म्हणजे रंगीत पाणी, त्यात दाटपणासाठी सेल्युलोज ईथर. आणि कलाकारांच्या डोक्यात विषय होता सीमा आणि पाळत यांचा.

रडणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये एका छोट्या फिल्मवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. फिल्ममध्ये दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन, बस्स. काय दिसलं ते लिहा, असं 34 विद्यार्थिनींना सांगितलं. भौमितिक आकृत्या हलल्या असं लिहिणारी निघाली एकच. बाकीच्यांना भांडण दिसलं, दादागिरी दिसली, घाबरून पळणं दिसलं. आकृत्यांना ना चेहरा होता ना आवाज. कोण कोणाकडे किती वेगाने गेला आणि कुठे थबकला, एवढ्यावरून मेंदूने पात्रं उभी केली.

म्हणजे रोबॉटला रंगमंचावर आणायचं तर काम चेहऱ्यापासून सुरू होत नाही, वेगापासून होतं. आपण टेबलावरचा कप उचलायला हात पुढे करतो तेव्हा त्याचा वेग हळूहळू वाढतो, मध्यावर सर्वाधिक होतो आणि तसाच हळूहळू उतरतो. आलेख काढला तर घंटेचा आकार दिसतो. तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी 1985 मध्ये याचं गणित मांडलं: हाताला बसणारे धक्के, म्हणजे त्वरणातले अचानक बदल, कमीत कमी राहतील असा मार्ग ही हालचाल घेते. कारखान्यातला हात साधारणपणे झटकन वेग घेतो, एकाच वेगाने जातो, झटकन थांबतो. तोच हात, तेच अंतर, फक्त हा आलेख बदला, की तो कधी संकोचलेला वाटेल, कधी चिडलेला.

हे सूत्र कागदावर येण्याच्या कितीतरी आधी एका शिल्पकाराने ते हाताळलं होतं. एडवर्ड इहनाटोविच मूळचा पोलंडचा, राहायला इंग्लंडमध्ये. फिलिप्स कंपनीच्या आइंडहोव्हन इथल्या एव्होलुऑन प्रदर्शनासाठी 1970 मध्ये त्याने ‘सेन्स्टर’ बनवला: सुमारे 15 फूट लांबीचा, नळ्यांच्या सांगाड्याचा, लांब मानेचा प्राणी. सांध्यांची कल्पना शेवंडाच्या नांगीवरून घेतलेली. डोक्यावर मायक्रोफोन, जोडीला हालचाल टिपणारी डॉप्लर रडार. हळू बोललात तर मान जवळ येई, ओरडलात तर मागे सरे. नियम म्हणाल तर जवळपास एवढेच. पण हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेला एकदम हिसका न देता वेग हळूहळू चढवणारं, उतरवणारं वेगळं सर्किट त्याने घातलं होतं, आणि माझ्या मते खरी कलाकृती तीच. यंत्र नुकतंच चालू झालं असताना इहनाटोविच सहज खाकरला, तर डोकं थेट त्याच्यासमोर आलं, जणू बरं आहे ना विचारायला. बनवणाऱ्याच्याच पोटात गोळा आला. काही वर्षांत सेन्स्टर प्रदर्शनातून काढून टाकला गेला. अलीकडे क्राकोच्या एजीएच विद्यापीठाने त्याला दुरुस्त करून पुन्हा हलतं केलं आहे.

नाटकात मात्र संवाद आले, आणि जपानमधल्या ओसाका विद्यापीठात दोन माणसं योग्य वेळी भेटली. हिरोशी इशिगुरो हुबेहूब माणसासारखे रोबॉट बनवणारे. ओरिझा हिराता नाटककार-दिग्दर्शक, आणि हे गृहस्थ हाडामांसाच्या नटांनाही ‘दुःख आतून येऊ दे’ वगैरे सांगत नाहीत. पॉज इतका कमी कर, अर्धं पाऊल मागे ये, असं मापात सांगतात. अशा दिग्दर्शकाला रोबॉट म्हणजे आज्ञाधारक नटच. नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांनी एका छोट्या नाटकात मित्सुबिशीचे दोन ‘वाकामारू’ उभे केले. पिवळे, मीटरभर उंच, पायांऐवजी चाकं, चेहऱ्यावरची रेषही न बदलणारी. घरकामासाठी आणलेल्या एका रोबॉटची काम करायची इच्छाच गेली आहे, आणि घरातला तरुणही बेकार बसलाय, अशी ती गोष्ट. उत्तर देण्याआधीचा क्षणभराचा उशीर आणि मान किंचित खाली, एवढ्यात वाकामारू खिन्न दिसू शकतो.

2010 मध्ये याच जोडीने जेमिनॉइड एफ ही बाईसारखी दिसणारी अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखी रोबॉट, मंचावर आणली. मरणाच्या दारातल्या तरुणीला ती कविता वाचून दाखवते. तिला चालता येत नाही, म्हणून बसूनच भूमिका. चेहऱ्याची आणि मानेची हालचाल हवेच्या दाबावर चालणाऱ्या 12 ॲक्च्युएटरांनी, म्हणजे भाग हलवणाऱ्या यंत्रांनी, होते. हवा दाबली जाते, त्यामुळे हालचालीला मऊपणा येतो. आणि बोलतं कोण? पडद्यामागे बंदिस्त खोलीत बसलेली दुसरी अभिनेत्री. कॅमेरा तिच्या मानेची हालचाल टिपतो, मायक्रोफोन आवाज. थोडक्यात, दोरी न दिसणारी कळसूत्री बाहुली. मला स्वतःला यापेक्षा तो पिवळा वाकामारू जास्त नट वाटतो. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच बजावलं होतं की यंत्र माणसाच्या फार जवळ गेलं, पण पूर्ण पोचलं नाही, तर पाहणाऱ्याला शिसारी येते. हिरातांनी अँड्रॉइडला मरणशय्येपाशी बसवून त्या अस्वस्थतेचाच उपयोग केला, ही त्यांची हुशारी. सगळ्यांना ते साधणार नाही.

अडचण येते ती प्रेक्षागृहाकडून. वाकामारू समोरच्याचं बोलणं समजून उत्तर देत नव्हता. वाक्यं, वळणं, थांबे सगळं आधी भरलेलं. भरलेल्या कार्यक्रमाला हशा कळत नाही. आज प्रेक्षक जास्त हसले तर पुढचं वाक्य त्या हशात बुडणार, कमी हसले तर मंचावर नको तेवढी शांतता. मग सोबतच्या नटाने यंत्राची वेळ सांभाळायची, नाहीतर कंट्रोल बूथमधल्या माणसाने कान टवकारून योग्य क्षणी पुढची कळ दाबायची.