पीरेन, आंरी

(२३ डिसेंबर १८६२ – २४ ऑक्टोबर १९३५). बेल्जियन इतिहासकार व गेंट विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक. जन्म व्हेर्व्ये या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, कापड कारखानदाराच्या घरात. लिएज विद्यापीठात त्यांनी १८८३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे लाइपसिक, बर्लिन व पॅरिस येथे त्यांनी दस्तऐवज वाचनाचे शिक्षण घेतले. १८८६ ते १९३० या काळात ते गेंट येथे अध्यापन करत होते.

आरंभीचे काम पूर्णपणे स्थानिक आहे. दिनां या नगराची मध्ययुगीन शासनव्यवस्था हा त्यांच्या आरंभीच्या एका ग्रंथाचा विषय होता (१८८९). त्यानंतर त्यांनी गाल्बेर्ट या ब्रूज येथील लेखनिकाच्या वृत्तांताची संपादित आवृत्ती काढली (१८९१). फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स याचा ११२७ मध्ये चर्चमध्ये खून झाला. त्यानंतरच्या धामधुमीत गाल्बेर्ट मेणाच्या पाट्यांवर टिपणे करत असे आणि सवड मिळताच त्यांतून सलग वृत्तांत लिहीत असे. एका शहराच्या अशा रोजच्या नोंदींतून व्यापारी, कारागीर आणि सरदार यांचे संबंध उलगडण्याची सवय पीरेन यांना इथे लागली असावी.

सात खंडांचा ‘बेल्जियमचा इतिहास’ (१९००–३२) हे त्यांचे मुख्य कार्य. त्याचा पहिला खंड जर्मन भाषांतरात १८९९ मध्येच आला होता. बेल्जियमचे राज्य १८३० चे असले तरी तेथील समाजाची एकात्मता नगरजीवन व व्यापार यांतून फार आधी घडली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डच इतिहासकार पीटर खेल यांनी त्यावर कडाडून टीका केली. आजच्या सीमा भूतकाळावर लादल्या जातात, हा त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांना गेंट विद्यापीठ फ्लेमिश (डच) भाषेत पुन्हा सुरू करायचे होते. प्राध्यापकांनी नकार दिला आणि १८ मार्च १९१६ रोजी पीरेन यांना अटक झाली. होल्त्समिंडेनच्या छावणीत त्यांनी सहबंदींना आर्थिक इतिहास शिकवला व तेथील रशियन विद्यार्थ्यांकडून ते रशियन शिकले. पुढे वेरा नदीकाठच्या क्रॉइट्सबुर्ग या लहान गावी त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथे, १९१७ च्या आरंभापासून, त्यांनी यूरोपचा इतिहास लिहायला घेतला. हाताशी ना ग्रंथालय, ना टिपणे. कथन सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आले. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३६ मध्ये, मुलगा झाक यांनी प्रसिद्ध केला. बहुतेक सनावळ्या मुलाने कंसात भरल्या आहेत. आठवणीतून लिहिलेल्या या मजकुराची मांडणी मात्र इतकी घट्ट आहे की तीस वर्षांच्या अध्यापनाचे बळ पानोपानी जाणवते.

‘पीरेन सिद्धांत’ : रोमन जगाचा शेवट अरब विजयांशी जोडणारा हा विचार बंदिवासात सुचला असे पूर्वी सांगितले जाई. युद्धापूर्वीच्या त्यांच्या वर्गांतच त्याची बीजे होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. छापील स्वरूपात तो १९२२ मध्ये लेखरूपाने आला, तर ‘मुहंमद आणि शार्लमेन’ हा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. पाचव्या शतकातील जर्मानिक टोळ्यांमुळे रोमन जगाची भूमध्यसागरी एकता मोडली नाही. ती सातव्या-आठव्या शतकांतील अरब विजयांमुळे मोडली. सागर बंद झाल्याने पश्चिम यूरोप शेतीवर विसंबला, सत्तेचे केंद्र उत्तरेकडे सरकले आणि फ्रँक सम्राट शार्लमेन याचे साम्राज्य शक्य झाले, असा हा युक्तिवाद. पुरावा म्हणून त्यांनी गॉलमधून (साधारण आजचा फ्रान्स) नाहीशा झालेल्या चार वस्तू दाखवल्या : पपायरस (इजिप्तमधील लव्हाळ्यापासून बनवलेला लेखनपट), मसाले, पौर्वात्य रेशमी वस्त्रे आणि सुवर्णनाणी.

या पुराव्यांतील एक सनद विशेष चर्चिली गेली. फ्रँक राजा चिल्पेरिक दुसरा याने ७१६ मध्ये कॉर्बीच्या मठाला मार्सेजवळच्या फोस येथील कोठारातून माल नेण्याचा हक्क कायम करून दिला. यादीत १०,००० पौंड तेल, ३० पौंड मिरी, १५० पौंड जिरे, २ पौंड लवंग, १ पौंड दालचिनी, खजूर, अंजीर, बदाम, पिस्ते, तांदूळ आणि पपायरसच्या ५० वह्या आहेत. पण ही सनद आधीचा राजा क्लोथार तिसरा याच्या जुन्या दानाची पुष्टी करते. त्यामुळे ७१६ मध्ये हा माल फोसला खरोखर येत होता की जुनी यादी तशीच उतरवली, हे त्यावरून ठरत नाही.

पपायरसचा मुद्दाही तितकासा भक्कम नाही. अरबांनी इजिप्त ६४२ च्या सुमारास घेतला, तर मेरोव्हिंजियन (गॉलमधील फ्रँक राजवंश) दप्तरात चर्मपत्र रुळले ते सातव्या शतकाच्या अखेरच्या चरणात. पोपच्या दप्तरात पपायरस थेट अकराव्या शतकापर्यंत वापरात होता. इतिहासकार डॅनियल डेनेट (१९४८) यांनी व्यापारबंदीची कल्पनाच नाकारली. मोरीस लोंबार व स्टूरे बोलिन यांच्या मते इस्लामी जगातील सोन्याचांदीने पश्चिमेच्या व्यापाराला उलट चालना मिळाली. पुरातत्त्वज्ञ हॉजेस व व्हाइटहाउस (१९८३) यांनी उत्खननांच्या आधारे ओहोटी अरबांच्या आधीपासूनच लागली होती, असे दाखवले. उत्तर आफ्रिकेतील तांबड्या झिलईच्या भांड्यांची निर्यात पाचव्या ते सातव्या शतकांत घटत गेल्याचे दिसते. आज या मताकडे कल अधिक आहे. तरीही मध्ययुगाची सुरुवात राजवंशांऐवजी व्यापारमार्गांवरून ठरवावी, हा पीरेन यांचा दृष्टिकोन त्यांच्या टीकाकारांनीही स्वीकारला.

नगरांचा उगम दूरवर फिरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वस्त्यांत शोधणारे त्यांचे विवेचन अमेरिकेतील व्याख्यानांतून तयार झाले (१९२५). ब्रुसेल्स येथील १९२३ च्या आंतरराष्ट्रीय इतिहास परिषदेचे ते अध्यक्ष होते व तेथे त्यांनी तुलनात्मक पद्धतीचा पुरस्कार केला. १९३० मध्ये गेंट विद्यापीठ पूर्णतः डचभाषिक झाले. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते ब्रुसेल्सजवळील उक्ल येथे राहायला गेले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.