स्वतंत्र राहण्याचं शिक्षण (किशोरवयीन, गोवा)

पुढे कधीतरी घराबाहेर एकट्याने राहावं लागेल म्हणून साधारण १३ ते १९ वयाच्या मुलामुलींना जी रोजची कामं शिकवायची असतात, म्हणजे स्वयंपाक करणं, कपडे धुणं, पैशांचा हिशोब, कागदपत्रं, ताप आला तर काय करायचं, भाड्याची खोली कशी बघायची, हे सगळं या विषयात येतं. शाळेत जीवनकौशल्याचा तास असलाच तर तो बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात काढलेल्या १० कौशल्यांच्या यादीवर चालतो. त्यात स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, ताण सांभाळणं असं सगळं मनाशी संबंधित असतं, मग चार्ट होतात, गटचर्चा होते, फोटो निघतात. यादीत चूक काहीच नाही पण तिच्यात गॅसचा रेग्युलेटर कुठे येत नाही. ही नोंद त्या रेग्युलेटरवाल्या भागाबद्दल आहे.

गोव्यात हे शिक्षण उशिरा का होतं

राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. पेडण्याहून पणजीला, फोंड्याहून मडगावला मूल सकाळी कदंबाने (गोव्याची सरकारी बस) किंवा स्कूटरने जातं आणि संध्याकाळी परत घरी जेवायला. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज राज्य असताना, मॅट्रिकनंतर मराठी शिकलेल्या मुलांना पुढे शिकायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड अशी वाट धरावी लागायची, त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षीच खानावळ आणि खोली नशिबी यायची. मग १९६२ मध्ये पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले कॉलेज सुरू झालं, १९६७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ. ही गोष्ट चांगलीच झाली, मुलींना तर त्याचा खूपच फायदा झाला कारण घर न सोडता पदवी मिळायला लागली, पण त्याची दुसरी बाजू अशी की काणकोण-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतली हॉस्टेलवर राहणारी मुलं सोडली तर बाकीच्यांना २१-२२ वर्षांपर्यंत एक रात्रही स्वतःच्या जबाबदारीवर काढावी लागत नाही. आणि मग एकदम पुण्यातली किंवा बंगळुरूची नोकरी, नाहीतर जहाज, नाहीतर आखात, नाहीतर, ब्रेक्झिटमुळे २०२० अखेर ती वाट बंद होईपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातलं लंडन-स्विंडन. पाच-सहा वर्षांत हळूहळू शिकायचं ते मग एका महिन्यात शिकावं लागतं, तेही आईला व्हिडिओ कॉल लावून.

घरात काय शिकवलं जातं आणि काय नाही

गोव्यातली मुलं काहीच करत नाहीत असं नाही. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला, नेवऱ्या म्हणजे करंज्या भरायला, पाहुण्यांना ताटं वाढायला सगळी कामाला असतात. जत्रेच्या मराठी नाटकाचं तर विचारूच नका, वर्गणीची पावतीपुस्तकं, पडदेवाला, साऊंड, मेकअपवाला, कोणाला किती ॲडव्हान्स दिला आणि किती राहिलं हा सगळा हिशोब गावातली अठरा-एकोणीसची पोरं बिनचूक ठेवतात, आणि तीच पोरं स्वतःच्या घरचं विजेचं बिल साधारण किती येतं ते सांगू शकत नाहीत. कारण सरळ आहे. नाटकाची जबाबदारी पूर्ण त्यांची असते, पैसे कमी पडले तर तोंड त्यांनाच दाखवायचं असतं. घरात मात्र त्यांना मदत करायला सांगतात. "जा, नारळ घेऊन ये" म्हणून पैसे हातावर ठेवले तर मूल फक्त ने-आण करतं, नारळ कधी आणायचा, किती आणायचे, महाग असतील तर काय करायचं हा विचार आईच्याच डोक्यात राहतो.

म्हणून शिकवायचं तर काम अख्खं द्यावं लागतं, विचारासकट. एक महिना शुक्रवारचा म्हापशाचा बाजार मुलाकडे द्यायचा, ठरलेली रक्कम द्यायची, आठवड्याची भाजी त्याने ठरवायची आणि बुधवारी कोथिंबीर कुजली किंवा गुरुवारी भाजीच संपली तर त्या दिवशी घरात जे असेल ते सगळ्यांनी खायचं, गुपचूप जाऊन आणायचं नाही. हे शेवटचं पालकांना जमत नाही, आजीला तर अजिबातच नाही.

मुलगा-मुलगी फरक अजून आहे आणि तो दोघांनाही नडतो. मुलीला हुमण (माशाची कढी) येतं, घर आवरता येतं, पण ती बँकेत एकटी गेलेली नसते, रात्री बस चुकली तर दादाला फोन. मुलगा स्कूटर घेऊन अख्खा गोवा फिरलेला असतो पण स्वतःचा शर्ट धुतलेला नसतो.

एक गंमत म्हणजे ही कामं पद्धतशीर शिकवण्याचं शास्त्र सगळ्यात चांगलं विशेष मुलांच्या शाळांकडे आहे. तिथे अंघोळ, कपडे घालणं, चहा करणं अशा कामाचे छोटे छोटे टप्पे पाडतात आणि कधी कधी उलट्या क्रमाने शिकवतात, म्हणजे आधीचं सगळं शिक्षक करतात आणि शेवटचा टप्पा मुलाने करायचा, तो जमला की शेवटचे दोन, मग तीन, त्यामुळे काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो. साध्या शाळांनी आणि घरांनी हे उचलायला काही हरकत नव्हती. सरकारी योजनेतून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आलं, नववीपासून व्यावसायिक विषय आले, नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत. रोबो चालवणाऱ्या मुलाला घरातला एमसीबी (विजेचा भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर तो नेमका का पडला हे शोधता यावं एवढी अपेक्षा जास्त नाही.

स्वयंपाक

इथे पालकांचा एक घोळ होतो, ते मुलाला घरचा स्वयंपाक शिकवतात, खोलीवरचा नाही. बांगड्याचं तिरफळ घातलेलं हुमण उत्तमच, पण त्याला ताजं खोबरं पाहिजे, वाटायला मिक्सर पाहिजे, आणि पुण्यात तसला बांगडा मिळाला पाहिजे. एक शेगडी, एक कुकर, एक कढई, फ्रीज नाही, हे धरून शिकवलं तर उपयोग. त्यात पेज येते, डाळ-भात, अंड्याची पोळी, मोडाचे मूग, खोबरं न घालता केलेली फुटी कढी (कोकमाची), घरून नेलेल्या सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) काहीतरी तिखट, आणि बाहेर पोई (गोव्यातला कोंड्याचा पाव) मिळणार नाही म्हणून चपात्या, निदान वाकड्यातिकड्या. उकडा तांदूळ नेला असेल तर त्याला सुरयपेक्षा (न उकडलेल्या साध्या तांदळापेक्षा) पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं हे आधी सांगावं, नाहीतर पहिला भात टचटचीत होतो आणि मग रोज ऑनलाइन ऑर्डर सुरू, जिथे महिन्याचा पगार जातो.

मासळी पारखणं ही वेगळी विद्या. कल्ला लालभडक, डोळा वर आलेला आणि चकचकीत, बोटाने दाबलं की मांस परत वर येतं, वास समुद्राचा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला ६१ दिवस बंदी असते तेव्हा बाजारात आलेला मासा कुठला आणि किती दिवसांचा हे विचारायची लाज वाटू द्यायची नाही. हे बाजारात उभं राहूनच शिकायचं.

गॅसचं मात्र सगळ्यात आधी शिकवायचं. रेग्युलेटर लावणं-काढणं, पाइपला भेग आहे का बघणं, वास आला तर काडी, स्विच काहीही न लावता खिडक्या उघडणं, रेग्युलेटर बंद करणं आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, एकट्याला ५ किलोचा छोटा पुरतो.

आजारपण आणि पाऊस

जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे माप पाठच पाहिजे, अंदाजाने मीठ जास्त पडलं तर त्रास वाढतो. ताप किती दिवस अंगावर काढायचा, पॅरासिटामॉल दोन गोळ्यांमध्ये किती अंतर ठेवून घ्यायची, उरलेली अँटिबायोटिक मित्राला का द्यायची नाही, हे बसून सांगावं लागतं. अॅम्ब्युलन्स १०८, पोलीस आणि बाकी संकट ११२, १८ च्या आतल्यांसाठी १०९८, मन फार खचलं तर टेलिमानस १४४१६. नंबर फोनमध्ये असून चालत नाही, फोन बंद पडल्यावरच त्यांची गरज लागते, म्हणून दोन-तीन पाठ असावेत.

पावसाळ्यात गोव्यातली खोली म्हणजे बुरशी, न वाळणारे कपडे आणि जाणारी वीज. वीजतार तुटून पडली असेल तर जवळ न जाता १९१२ ला कळवायचं. साप चावला तर घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हालचाल कमी करून थेट सरकारी इस्पितळ.

पैसे आणि कागद

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १० वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं, रकमेची मर्यादा बँक ठरवते. तरी बहुतेक घरांत खातं आईच्या फोनला जोडलेलं आणि मुलाला फक्त यूपीआयचा क्यूआर माहीत. पिन हा पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे एक वाक्य कळलं तरी अर्धी फसवणूक टळते. कॉलेजच्या वयात दुसरा एक सापळा असतो, ओळखीचा कोणी म्हणतो माझे थोडे पैसे दोन दिवस तुझ्या खात्यात घे, कमिशन देतो. ते पैसे सायबर चोरीचे निघतात, खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात. आपल्याच खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३०, उद्या नाही.

कागदपत्रांत आधारचं बायोमेट्रिक १५ व्या वर्षी अपडेट करावं लागतं, हे राहून गेलं की नेमकं प्रवेशाच्या वेळी अडतं. मामलेदार कचेरीतल्या दाखल्यांसाठी एकदा तरी मुलाला स्वतः रांगेत उभं करावं, सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो आणि ज्यांचं शिक्षण बाहेर झालं त्यांची तिथे धावपळ होते.

गाडीबद्दल घरोघरी डोळेझाक चालते. १६ ला मिळणारं लायसन्स गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटर त्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ट्युशनला उशीर होतो म्हणून चावी देणाऱ्यांनी हे वाचावं. तोपर्यंत कदंब आहे, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी आहे.

खोली भाड्याने घेणं

११ महिन्यांचा करार सगळीकडे ऐकू येतो कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याखाली नोंदवावा लागतो. पण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची, पुण्याला जाणाऱ्या गोव्याच्या मुलांना हे कोणी सांगत नाही. बंगळुरूला अनामत रक्कम कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात. खोली घेताना नळ सोडून बघायचा, भिंतींचे फोटो काढून मालकाला तेव्हाच पाठवायचे, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्यायचा. गोव्यातही भाडेकरूचा फॉर्म पोलीस स्टेशनवर द्यावा लागतो.

जुन्या काळी याची एक तयार सोय होती. मुंबईत धोबीतलाव, माझगावकडे गोव्यातल्या ख्रिस्ती गावांचे क्लब होते, त्यांना कूड म्हणत. जहाजाची वाट बघणारा तारवटी म्हणजे खलाशी, नोकरी शोधायला आलेला पोर, सगळे आपापल्या गावच्या कुडीत उतरायचे, प्रत्येकाची एक पेटी, झोपायला जमिनीवर जागा, रोज संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, नियम मोडला तर दंड. नवख्याला ट्राममध्ये कसं चढायचं इथपासून शिपिंग ऑफिसात काय बोलायचं इथपर्यंत सगळं गावचाच कोणी मोठा शिकवायचा. काही कुडी अजून आहेत. आताच्या जहाजी मुलांना चढण्याआधी आग विझवणं, प्रथमोपचार, समुद्रात जीव वाचवणं याचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे, म्हणजे आग विझवायला येते पण भात शिजवायला येत नाही असे तरुणही निघतात.

ज्यांना परतायला घर नाही

मेरशीच्या अपना घरासारख्या (मुलांचं सरकारी निवासगृह) संस्थेत वाढलेल्या मुलांना हे शिक्षण हौसेचं नाही. बाकीचं मूल चुकलं तर दोन महिने घरी येऊन राहतं, यांचं १८ पूर्ण झालं की संस्था सुटते. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये अशा मुलांना बाहेर पडताना आर्थिक मदतीची तरतूद आहे, आणि मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला ४,००० रुपये २१ वर्षांपर्यंत, गरजेप्रमाणे २३ पर्यंत मिळू शकतात. ४,००० मध्ये पणजीत खोलीही येत नाही, म्हणून दोघातिघांनी मिळून राहणं, खर्च वाटून घेणं आणि त्यावरून भांडण झालं तर ते मिटवणं हे १६-१७ व्या वर्षीच शिकवावं लागतं. आधार, जन्मदाखला, बँक खातं आणि शाळेचे दाखले यांच्या मूळ प्रती संस्थेत असतानाच मुलाच्या नावाने तयार ठेवायच्या, कारण बाहेर पडल्यावर पहिली अडचण पत्त्याच्या पुराव्याची येते आणि त्याशिवाय सिमकार्डसुद्धा मिळत नाही.