नाक्यावरची पोरं आणि दोन बर्लिन

‘बर्लिन – एके श्योनहाउझर’ हा पूर्व जर्मन चित्रपट ऑगस्ट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गेरहार्ड क्लाइन, लेखक वोल्फगांग कोलहाझे. प्रेन्झलाउअर बेर्ग या कामगार वस्तीत श्योनहाउझर ॲले रस्त्यावरून मेट्रो लोखंडी पुलावरून धावते. पावसात खाली उभं राहता येतं म्हणून बर्लिनकर त्या पुलाला गमतीने ‘महापालिकेची छत्री’ म्हणतात. तिथल्याच नाक्यावर (‘एके’ म्हणजे नाका) चित्रपटातली उनाड पोरं टाइमपास करत उभी असतात. एक पश्चिमी मार्क, म्हणजे पश्चिम जर्मनीचं नाणं, मिळेल या पैजेवर त्यांच्यातला एक रस्त्यावरचा दिवा फोडतो आणि गोष्ट सुरू होते.

त्या एका नाण्याची किंमत कळण्यासाठी तेव्हाचं बर्लिन माहीत हवं. भिंत उभी राहिली ऑगस्ट १९६१ मध्ये. त्याआधी शहराच्या पूर्व भागात कम्युनिस्ट आणि पश्चिम भागात भांडवलशाही सत्ता असली तरी लोकल पकडून कुणीही पलीकडे जाऊ शकत होतं. पलीकडच्या बाजारात एका पश्चिमी मार्काचे चार-पाच पूर्वेकडचे मार्क होत. हद्दीलगतची थिएटरं पूर्वेकडचे पैसे घेऊन अमेरिकी चित्रपट दाखवत. १९४९ ते १९६१ या काळात जवळपास २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, त्यातले निम्मे पंचविशीच्या आतले. पश्चिम बर्लिनमध्ये पोचलेल्या निर्वासितांना आधी छावणीत ठेवत आणि मग विमानाने पश्चिम जर्मनीत धाडत, कारण जमिनीवरचा रस्ता पुन्हा पूर्व जर्मनीतूनच जायचा. चित्रपटातला कोले हा पोरगा या विमानातच बसायला तयार नाही. ताप यावा म्हणून तो कॉफीत तंबाखू मिसळून पितो आणि जिवानिशी जातो.

ही पिढी १९४०च्या आसपास जन्मलेली. कुणाचा बाप आघाडीवर गेला तो परतलाच नाही, कुणाच्या घरात सावत्र बाप आणि त्याचा पट्टा. चित्रपटातल्या डीटरला आईवडील नाहीत, थोरला भाऊ पोलिसात आहे. आंगेलाची विधवा आई शिवणकाम करते आणि तिचा मित्र घरी आला की लेकीला बाहेर पाठवते. अशी पोरं दोन्ही बर्लिनमध्ये होती. पश्चिमेत त्यांना ‘हाल्बश्टार्के’ म्हणत, म्हणजे अर्धवट दांडगट. १९५६ साली गेओर्ग ट्रेसलरने तिकडे त्याच नावाचा चित्रपट काढला, हॉर्स्ट बुखहोल्त्स त्यातून तारा झाला. रॉक अँड रोलच्या नादात खुर्च्या मोडण्याचे प्रकारही तेव्हाचेच.

पश्चिमेला हा विषय दाखवायला अडचण नव्हती. पूर्वेला मात्र होती, कारण टारगट पोरं हा भांडवलशाहीचा रोग आहे असं तिथलं अधिकृत मत होतं. समाजवादी नाक्यावर उनाड पोरं दिसली की मताला तडा जाणार! शर्ट पँटच्या बाहेर काढला तरी ते राजकीयदृष्ट्या चूक ठरतं, असं डीटर चिडून म्हणतो, आणि या तक्रारीत अतिशयोक्ती फारशी नाही. सरकारी डेफा स्टुडिओने हा चित्रपट काढला खरा, पण सांस्कृतिक मंत्रालयाच्या चित्रपट विभागाला पटकथा रुचली नव्हती.

मग तो तयार कसा झाला? उत्तर बरंचसं तारखांमध्ये आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका केली आणि पूर्व युरोपात थोडी मोकळी हवा आली. पण हंगेरीतला उठाव रणगाड्यांनी चिरडल्यावर, वर्षअखेरीस पूर्व बर्लिनमध्येही विचारवंतांची धरपकड झाली. चित्रपट या दोन लाटांच्या मधोमध सापडला. क्लाइन-कोलहाझे इटालियन नववास्तववादाचे, म्हणजे सामान्य माणसांचं जगणं खऱ्या जागी टिपणाऱ्या शैलीचे चाहते, त्यामुळे कॅमेरा खऱ्या रस्त्यांवर फिरतो. शेवटी पोलीस अधिकारी दोष आपल्याही माथी घेतो आणि जिथे आपण नसतो तिथे शत्रू असतो, असं सांगतो. मला हा शेवट सेन्सॉरकडे बघून लिहिल्यासारखा वाटतो, पण त्यामुळेच बाकीचा चित्रपट वाचला असावा.

लोकांनी गर्दी केली. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला ते पचलं नाही. १९५८च्या चित्रपट परिषदेत या इटालियन वळणावर टीका झाली. क्लाइन-कोलहाझे जोडीने पुढे ‘बर्लिन उम दी एके’ हा चित्रपट केला, त्यात पुन्हा तरुण कामगार आणि त्यांची नाराजी. डिसेंबर १९६५ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीच्या अकराव्या बैठकीत अनेक चित्रपट बाद झाले आणि त्या लाटेत तो अडकला, तो थेट १९८०च्या दशकाच्या शेवटापर्यंत. क्लाइन १९७० मध्येच वारला होता. कोलहाझे लिहीत राहिला, आणि २००५ साली ‘झोमर फोर्म बाल्कोन’ या चित्रपटासाठी पुन्हा प्रेन्झलाउअर बेर्गमध्येच आला.