ज्वालामुखी धोका-संवाद

ज्वालामुखीच्या अभ्यासातून दिसणारा धोका पायथ्याच्या वस्तीला, प्रशासनाला आणि पत्रकारांना वेळेत व समजेल अशा शब्दांत सांगण्याचे काम म्हणजे ज्वालामुखी धोका-संवाद. ते बहुधा वेधशाळेतले किंवा विद्यापीठातले भूवैज्ञानिक करतात. शोधनिबंध छापून आला म्हणजे काम झाले, असे या पेशात म्हणता येत नाही.

इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावर 1841 मध्येच वेधशाळा उभी राहिली होती. पण डोंगराशेजारी राहून लोकांसाठी काम करण्याचा आग्रह अमेरिकी भूवैज्ञानिक थॉमस जॅगर यांनी धरला. 1902 मध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर माँ पले ज्वालामुखीच्या तप्त राख-वायूच्या लोटाने सेंट पिअर हे शहर होरपळून गेले आणि सुमारे 28,000 माणसे मेली. हार्वर्डमध्ये शिकवणारे तरुण जॅगर तिथे जाऊन ते अवशेष पाहून आले. उद्रेकानंतर पोचून कुणाचाही जीव वाचत नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. 1912 मध्ये त्यांनी हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावर वेधशाळेचे काम सुरू केले.

तरीही मोजमाप करणे आणि ते लोकांपर्यंत पोचवणे यांत किती अंतर असते, हे कोलंबियातील आर्मेरो या गावाने दाखवले. नेवाडो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी वर्षभर धुमसत होता. ऑक्टोबर 1985 मध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला आणि त्यात आर्मेरो चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवलेले होते. 1845 मध्ये तसाच लोंढा त्याच जागेवरून गेला होता. 13 नोव्हेंबरला दुपारी गावात राख पडू लागली. घाबरू नका, घरातच थांबा, असे लोकांना सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला. तो तसा लहानच होता, पण त्याने शिखरावरचा बर्फ वितळवला. ते पाणी दरीतली माती-दगड ओढत फुगत गेले आणि सुमारे अडीच तासांनी गावावर आले. अशा लोंढ्याला जावा बेटावरच्या भाषेतून आलेला ‘लाहार’ हा शब्द जगभर वापरतात. एकूण सुमारे 23,000 माणसे दगावली. जवळच्या उंचवट्यावर चालत जायला अडीच तास पुष्कळ होते. नकाशा बरोबर होता, आणि म्हणूनच आर्मेरोचे दुःख अधिक बोचते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने इतर देशांच्या मदतीला धावून जाणारे फिरते पथक उभारले. 1991 मध्ये ते फिलिपिन्समधील पिनाटुबोवर पोचले. हा डोंगर सुमारे 500 वर्षे शांत होता, त्यामुळे तो ज्वालामुखी आहे हेच अनेकांना पटत नव्हते. रेमुंडो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिन्सची ज्वालामुखी-अभ्यास संस्था आणि ख्रिस न्यूहॉल यांचे अमेरिकी सहकारी यांनी इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. तिसरी पायरी म्हणजे दोन आठवड्यांत मोठा उद्रेक शक्य, चौथी म्हणजे 24 तासांत शक्य. भूकंपलेखकावरची रेघ गावच्या प्रमुखाला वाचता येत नाही, पण ‘चौथी पायरी’ म्हटल्यावर सामान कधी बांधायचे ते त्याला कळते. मे महिन्यात दोन आठवड्यांत सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन दिवसाला 500 टनांवरून 5,000 टनांवर गेले, म्हणजे ताजा शिलारस वर येत होता. हे आकडेही अखेर त्या पायऱ्यांतूनच लोकांपर्यंत गेले. उतारावर राहणारे आएटा आदिवासी, खालची गावे आणि अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा करण्यात आला. 15 जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याच दिवशी आलेल्या वादळी पावसाने राख भिजून जड झाली, छपरे कोसळली आणि शेकडो लोक मेले. तरी इशाऱ्यामुळे किमान 5,000 जीव वाचले, असा अंदाज आहे.

इशारा फुकटही जातो. 1976 मध्ये कॅरिबियनमधील ग्वादलूप या फ्रेंच बेटावर ज्वालामुखी जागा झाल्यावर सुमारे 73,000 लोकांना काही महिने घराबाहेर ठेवले गेले, पण शिलारस वर आलाच नाही. त्यातच फ्रेंच शास्त्रज्ञांचे आपसातले भांडण चव्हाट्यावर आले. असे झाले की पुढच्या वेळी लोक का ऐकतील? म्हणूनच संकटकाळात मतभेद खोलीत मिटवून बाहेर एकच, शक्यतेच्या भाषेतला निरोप द्यावा, असा प्रघात पडत गेला.

सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, अभ्यासणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला लाव्हा ओळखीचा असतो, पण तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे आणि तिथे वस्ती नाही. त्यामुळे या कामाचा अनुभव परदेशातच घ्यावा लागतो.

पिनाटुबोच्या गावांत आणि अधिकाऱ्यांपुढे एक चित्रफीत वारंवार दाखवली गेली होती. तप्त लोट आणि लाहार प्रत्यक्षात कसे दिसतात, हे त्यात होते. ती मॉरिस आणि कात्या क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने उद्रेकांच्या अगदी जवळ जाऊन टिपलेल्या दृश्यांतून बनवली होती. 3 जून 1991 रोजी जपानच्या उन्झेन पर्वतावर अशाच एका लोटात त्या दोघांसह 43 जण ठार झाले. पिनाटुबोचा मोठा उद्रेक त्यानंतर बाराच दिवसांनी झाला.