एसी १६ वर का लावतात?

एप्रिलमध्ये कोथरूडला मावशीकडे गेलं की ती दारातच म्हणते, "थांब हं, एसी १६ वर करते, पटकन गार होईल." हा समज घरोघरी आहे. पण एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या साध्या एसीत तसं होत नाही. २४ लावा की १६, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो. आकडा फक्त थांबायचं कधी ते ठरवतो. (इन्व्हर्टर एसीत वेग बदलतो, तिथे थोडा फरक पडू शकतो.) मावशीच्या मनात मात्र रिमोट म्हणजे नळाची तोटी: जास्त फिरवली की जास्त पाणी.

विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या घरांच्या हीटरबाबत नेमकं हेच मांडलं. काही लोक थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या बटणाला, नळ समजत, तर काही जण आपोआप चालू-बंद होणारं यंत्र. बटण तेच, मनातलं यंत्र वेगळं, म्हणून वागणं वेगळं.

माणूस यंत्राशी कसा वागेल हे मांडायची ही एक रीत. दुसरी रीत समजुतीत शिरत नाही, सरळ घड्याळ लावते. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या संशोधकांनी १९८० मध्ये संगणकावरच्या कामाचे तुकडे पाडून त्यांना सरासरी वेळ दिला: सराईत टायपिस्टला एक कळ दाबायला ०.२ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ आणि 'आता पुढे काय' ही मनातली जुळणी करायला १.३५. मला यातला शेवटचा आकडा फार मोलाचा वाटतो. एका विचारात सहा कळा दाबून होतात! 'फक्त दोन क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणारे नेमका हाच वेळ मोजत नाहीत.

पण नुसती बेरीजही फसवते. अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीत ऑपरेटरांसाठी नवं यंत्र घ्यायचं होतं. त्यात कळा कमी दाबाव्या लागत, पडदा झटपट भरे. वेळ वाचणार, असं सगळेच धरून चालले होते. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड या संशोधकांनी हिशोब मांडला तो उलटाच निघाला: नव्या यंत्रावर कॉल लांबेल. प्रत्यक्ष चाचणीतही तसंच झालं. हे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं.

असं का झालं? कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आहेत तोवर कोथिंबीर दोन मिनिटांत चिरली काय नि पाच मिनिटांत, पानं त्याच वेळी वाढली जातात. वरणाची फोडणी मात्र कुकर उघडल्यावरच द्यायची. ती लांबली की जेवण तेवढंच लांबतं. ऑपरेटरचे कान, डोळे, हात, तोंड आणि पलीकडच्या ग्राहकाचं बोलणं हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. नव्या यंत्राने कळा वाचवल्या त्या कॉलच्या सुरुवातीच्या, जेव्हा ग्राहक बोलत असतो आणि हात तसेही मोकळे असतात. उलट एक कळ कॉलच्या शेवटी सरकली, जिथे बाकी सगळं तिच्यासाठी अडून राहतं. ज्या कामांच्या साखळीत एक लांबलं की सगळंच लांबतं, तिला बांधकामवाले क्रिटिकल पाथ म्हणतात. कळा कमी झाल्या, पण त्या वाटेवर एक वाढली.

मात्र त्या ऑपरेटर सरावलेल्या होत्या. मेट्रोच्या तिकीट यंत्रासमोर प्रथमच उभ्या राहिलेल्या मावशीला सेकंदांचा हिशोब लागू पडत नाही. कुठलं बटण, इथेच ती अडते. डेव्हिड कीरास आणि सुझन बोव्हेअर यांनी १९८४ मध्ये एका नियंत्रण फलकावर प्रयोग केला. एका गटाला नुसत्या पायऱ्या पाठ करायला लावल्या, दुसऱ्याला आत ऊर्जा कुठून कुठे जाते ते आधी सांगितलं. दुसरा गट लवकर शिकला आणि त्याच्या जास्त लक्षात राहिलं. अनावश्यक पायऱ्याही त्यांनी जास्त वेळा आपणहून गाळल्या. 'आजची पोरं मोबाइल शिकूनच जन्माला येतात' हे म्हणूनच मला पटत नाही. पोरं न घाबरता दाबून बघतात आणि त्यातून मनात यंत्र रचत जातात.

परवा मावशीला एवढंच सांगितलं, "आकडा म्हणजे जोर नाही गं, थांबायची खूण." तिने रिमोटकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे.

"म्हणजे गिझरची गोल चकतीसुद्धा तशीच?"

"हो."

"आणि मी थंडीत ती पूर्ण फिरवून ठेवते, पाणी लवकर तापावं म्हणून," असं म्हणत ती उठली आणि चकती मागे फिरवून आली.