जोसेफ ब्लॅक

जोसेफ ब्लॅक (१६ एप्रिल १७२८ – ६ डिसेंबर १७९९) हा स्कॉटलंडमधला डॉक्टर आणि केमिस्ट. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हे आपण सगळ्यांनी शाळेत केलंय किंवा निदान पेपरात तरी लिहिलंय, त्यामागचा माणूस हाच. बर्फ वितळताना थर्मामीटर शून्यावरच का अडकून बसतो, म्हणजे पुस्तकातला तो अप्रकट उष्मा किंवा सुप्त उष्णता, तोही ह्याचाच.

जन्म फ्रान्समधल्या बोर्डोचा, कारण वडील तिथे वाइनचे व्यापारी होते, मूळ बेलफास्टचे पण घराणं स्कॉटिश. बाराव्या वर्षी शाळेसाठी बेलफास्टला, मग ग्लासगो युनिव्हर्सिटी. तिथे विल्यम कलन केमिस्ट्री शिकवायचा, ब्लॅक त्याचा असिस्टंट झाला, आणि १७५२ मधे डॉक्टरकी पुरी करायला एडिनबर्गला गेला.

आता खरी गोष्ट सुरू होते ती मुतखड्यापासून. त्या काळात मुतखडा म्हणजे भयंकर दुखणं, ऑपरेशन भूल न देता, त्यामुळे पोटात घेऊन खडा विरघळेल अशा औषधामागे सगळे वेडे झाले होते. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईचं औषध तर इतकं गाजलं की १७३९ मधे ब्रिटिश पार्लमेंटने तिला ५००० पौंड देऊन कृती विकत घेतली, आणि निघालं काय तर भाजलेली अंड्याची टरफलं, गोगलगायी, साबण वगैरे. म्हणजे मुळात चुनाच. एडिनबर्गचे दोन प्रोफेसर, व्हिट आणि अल्स्टन, निवळी शिंपल्यांच्या चुन्याची चांगली की दगडाच्या चुन्याची यावरून भांडत होते. ब्लॅकला थीसिस ह्यांच्याच हाताखालून पास करून घ्यायचा होता, त्यामुळे त्याने शहाणपणा केला, चुना बाजूला ठेवला आणि पांढरा मॅग्नेशिया (मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी) घेतला. मुतखड्यावर तो काही चालला नाही, पण पोटातल्या आम्लावर चालला, आणि १७५४ चा थीसिस त्याच विषयावर झाला.

पण ह्यात औषधापेक्षा वजनं महत्त्वाची ठरली. मॅग्नेशिया भाजला की त्याचं वजन निम्म्याहून जास्त कमी व्हायचं, आणि नंतर आम्ल टाकलं तर आधीसारखा फसफसायचा नाही. मग ते वजन गेलं कुठे? पाणी थोडंसंच निघालं, बाकीचं ‘हवा’ होऊन गेलं होतं. आधी सगळे धरून चालायचे की चुनखडी भाजल्यावर कळीचा चुना जो जाळतो, हात भाजतो, ते भट्टीतल्या आगीतून काहीतरी चुन्यात शिरल्यामुळे. ब्लॅक म्हणाला उलटं आहे, काही शिरत नाही, निघून जातं. त्याने भाजलेला चुना साध्या अल्कलीत, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारात, घातला, चुन्याने त्यातली हवा ओढून घेतली आणि परत खडू झाला, वजनही जवळजवळ तितकंच भरलं. ह्या हवेला त्याने ‘फिक्स्ड एअर’ म्हटलं, म्हणजे पदार्थात बांधलेली हवा, आपला कार्बन डायऑक्साइड. १७५६ मधे हे सविस्तर छापून आलं. मग निवळी वापरून त्याने दाखवलं की हीच हवा आपल्या श्वासात असते, कोळसा जळताना निघते आणि दारू आंबतानाही. नेहमीच्या हवेपेक्षा वेगळी अशी एखादी हवा असू शकते हे लोकांना पचायला नवीन होतं. पुढे १७७२ मधे नायट्रोजन वेगळा काढणारा डॅनियल रदरफर्ड हा ब्लॅकचाच विद्यार्थी.

१७५६ मधेच तो ग्लासगोला प्रोफेसर म्हणून परतला आणि उष्णतेच्या मागे लागला. प्रयोग इतका साधा की घरी करता येईल. काचेचे दोन सारखे गोळे, दोन्हीत पाच-पाच औंस पाणी, एकाचा बर्फ केलेला, दुसऱ्यात ३३ अंश फॅरनहाइटचं गार पाणी, दोन्ही ४७ अंशांच्या मोठ्या हॉलमधे टांगले. पाणी ४० अंशांपर्यंत यायला अर्धा तास लागला, बर्फाला साडेदहा तास! म्हणजे २१ अर्धे तास. दर अर्ध्या तासाला ७ अंशांइतकी उष्णता धरली तर २१ गुणिले ७ म्हणजे १४७, त्यातले ८ अंश पाणी तापवण्यात गेले, उरले १३९, ते बर्फ नुसता वितळण्यात ‘लपले’. आजच्या हिशोबात हे ग्रॅमला साधारण ७७ कॅलरी होतात आणि पुस्तकातला आकडा ८०, एवढ्या साध्या सामानात ही कमालच म्हणायची. हे त्याने १७६२ मधे ग्लासगोत वाचून दाखवलं.

त्याच युनिव्हर्सिटीत उपकरणं दुरुस्त करणारा एक पोरगा होता, जेम्स वॅट. थोड्याशा वाफेने एवढं पाणी कसं तापतं हे वॅटला कोडं पडलं आणि ब्लॅकने त्याला सुप्त उष्णता समजावून सांगितली. यावरून वॅटच्या वाफेच्या इंजिनातल्या वेगळ्या कंडेन्सरची (वाफ थंड करून तिचं पाणी करणारं भांडं) आयडिया ब्लॅकची असं काही जण ठोकून देतात, ते खरं नाही, वॅटनेच ते नाकारलंय. विचार कसा करायचा हे मात्र ब्लॅककडून शिकलो असं तो मानायचा. शिवाय ब्लॅकने त्याला पैसेही उसने दिले होते.

१७६६ पासून शेवटपर्यंत तो एडिनबर्गला केमिस्ट्रीचा प्रोफेसर, सोबत प्रॅक्टिस चालूच. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम त्याचा पेशंट, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन जिवलग मित्र. १७९० मधे स्मिथच्या सांगण्यावरून त्याची बरीचशी हस्तलिखितं ब्लॅक आणि हटननेच जाळली. स्वतःची तब्येत कायम नाजूक, खाणंपिणं मोजून मापून, लग्न केलं नाही, बासरी छान वाजवायचा.

लिहायचा मात्र त्याला प्रचंड कंटाळा. सुप्त उष्णतेवर त्याने स्वतः एकही पेपर छापला नाही, सगळं वर्गात सांगायचा, आणि पोरांनी उतरवलेल्या वह्यांच्या नकला हातोहात फिरायच्या. शेवटी तो गेल्यावर त्याचा विद्यार्थी जॉन रॉबिसनने त्याच्या नोट्स जमवून १८०३ मधे लेक्चर्सचे दोन खंड काढले.