फळ लाल आहे, पण पान उलटून बघा

स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलंडच्या माळांवर उन्हाळा सरता सरता जमिनीलगत लाल फळं दिसू लागतात. झुडूप जेमतेम घोट्याएवढं. पानं लहान, जाड, चकचकीत आणि बारमाही हिरवी. हे वर्णन लिंगनबेरीचं आहे, आणि शब्दही न बदलता बेअरबेरीचंही! दोघी एरिकेसी कुळातल्या. दोघींनी उंच वाढणं सोडून दिलं आहे, कारण हिवाळ्यात बर्फाच्या थरावर डोकं काढणारी फांदी बोचरा वारा आणि उडते हिमकण सुकवून टाकतात. थराखाली राहिलेल्या कळ्या वाचतात.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यात भरवशाची वाटते ती फळावरची खूण. डाळिंबाच्या टोकाला मुकुट असतो, तर वांग्याची हिरवी टोपी देठाकडे असते. डाळिंबाच्या फुलात अंडाशय, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, पाकळ्यांच्या खाली असतं, म्हणून फळ धरल्यावर फुलाचे अवशेष टोकाला उरतात. वांग्यात ते वर असतं, म्हणून अवशेष देठाशी राहतात. लिंगनबेरी डाळिंबाच्या पंथातली: फळाच्या टोकाला बारीकसा मुकुट. बेअरबेरीचं टोक गुळगुळीत. फळ केवढंही चिमुकलं असो, ही खूण बदलत नाही, कारण ती फुलाच्या रचनेतूनच आलेली असते.

फळं नसतील तर पान उलटायचं. लिंगनबेरीच्या पानाची खालची बाजू फिकी, तिच्यावर गडद ठिपके, आणि कडा किंचित खाली वळलेल्या. हे ठिपके म्हणजे सूक्ष्म ग्रंथी. बेअरबेरीच्या पानावर ठिपके नसतात. तिथे शिरांची जाळी दिसते आणि कडा सपाट असतात.

चव मात्र खूण म्हणून वापरू नये. या दोन्ही फळांनी अपाय होत नाही. बेअरबेरी फक्त पिठूळ आणि बेचव लागते. पण स्कँडिनेव्हियाच्या जंगलात डॅफनीचं झुडूपही असतं. ते उंच असलं तरी फळं लालच, आणि विषारी. लिंगनबेरी आंबट-तुरट असते. तिच्यातल्या बेंझोइक आम्लामुळे ती नुसत्या पाण्यातही महिनोन्‌महिने टिकते, आणि स्वीडिश घरांत तिचा मुरंबा मांसाबरोबर आवडीने खातात.

काळ्या फळांची क्रोबेरी शेजारीच पसरलेली असते. तिची पानं सुईसारखी, कडा इतक्या आत वळलेल्या की खालून फक्त एक पांढरी रेघ दिसते. ती एकदा पाहिली की चुकत नाही. अल्पाइन बेअरबेरीचीही फळं पिकल्यावर काळी होतात, पण तिची पानं पातळ, सुरकुतलेली आणि दातेरी. शरद ऋतूत ती लालभडक होतात आणि वाळल्यावरही झुडपालाच चिकटून राहतात. म्हणून वसंतात बर्फ वितळल्यावर, फूल नाही की फळ नाही अशा वेळीही, गेल्या वर्षीच्या त्या सुक्या पानांवरून ती ओळखता येते.